मुलांचे अदृश्य सवंगडी आणि आईबाप

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील एखाद्या गावात भर दुपारी गेले, तर घरासमोरच्या ओट्यावर तीन-चार वर्षांचे मूल एकटेच खेळताना दिसते. मोठी माणसे भाताच्या खाचरांत गेलेली असतात आणि आजी आत पहुडलेली असते. मुलाला मात्र आपण एकटे आहोत असे वाटत नसते. ते कोणाला तरी हाक मारते, कोणासाठी तरी सरकून जागा करते, हातातली चकली मोडून अर्धी शेजारी ठेवते. "कोणाशी बोलतो आहेस, बाळ?" असे विचारावे, तर उत्तर कधी गमतीचे मिळते, तर कधी अंगावर काटा आणणारे. सवंगडी चिंचेच्या झाडावर राहतो, त्याला डोळे नाहीत, किंवा तो पुष्करिणीच्या पाण्यातून येतो, असे मूल अगदी सहजपणे सांगते.

ऐकणारी आई दचकते, आजी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढते आणि बाप रागावतो. हे चित्र केवळ कावेरीकाठचे नाही. पंचगंगेकाठी किंवा गोदावरीकाठीही ते असेच दिसेल. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी कसे वागावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. मुलाने आपल्या मनातील गोष्ट पुढेही आपल्याला सांगावी की ती लपवावी, हे पुष्कळ अंशी आपल्या त्या पहिल्या प्रतिक्रियेवर ठरते.

सीरकाळीची कथा

या प्रदेशाच्या परंपरेतच असा एक प्रसंग आहे. सीरकाळी हे गाव पूर्वीच्या तंजावर जिल्ह्यातील, 2020 पासून मयिलाडुदुरै जिल्ह्यात मोडणारे. सातव्या शतकातील शैव संतकवी तिरुज्ञानसंबंधर यांचे हे जन्मगाव. बाराव्या शतकात सेक्किळार यांनी रचलेल्या 'पेरियपुराणम्' या ग्रंथात त्यांच्या बालपणाची कथा येते. तीन वर्षांच्या या बालकाला काठावर बसवून त्याचे वडील मंदिराच्या पुष्करिणीत स्नानासाठी उतरले. वडील पाण्याखाली दिसेनासे होताच बालक घाबरले आणि देवळाच्या शिखराकडे पाहून "आई! बाबा!" असा आक्रोश करू लागले. तेव्हा साक्षात पार्वतीने येऊन त्याला दूध पाजले, अशी श्रद्धा आहे. वडील बाहेर आले, तो मुलाच्या ओठांवर दूध! कोणाचे उष्टे प्यालास, असे विचारीत त्यांनी काठी उगारली. बालकाने देवळाकडे बोट दाखविले आणि तो गाऊ लागला. सीरकाळीला या प्रसंगाचा उत्सव आजही दर वर्षी साजरा होतो.

श्रद्धावंताला या कथेत देवीची कृपा दिसेल, आणि ते योग्यच आहे. आपण मात्र येथे त्या वडिलांकडे पाहावे. मुलाने काय पाहिले, हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून त्यांना भय वाटले. भयाचा राग झाला आणि रागाने हातात काठी आली. अनेक घरांत हेच घडते. परंतु त्यांनी विचारलेही, आणि मुलाने दाखविलेल्या दिशेकडे पाहिलेही. कथेतील सारे पुढचे या दोन गोष्टींमुळे शक्य झाले.

दुसरी कथा तिरुनारैयूरच्या नंबी आंडार नंबी यांची. देवळातील पुजाऱ्याचा हा मुलगा वडील परगावी गेले असता गणपतीला नैवेद्य घेऊन गेला. देव खाईना, म्हणून त्याने रडून डोके आपटले, तेव्हा देवाने नैवेद्य खाल्ला. रिकामे पात्र घेऊन मूल घरी आले, पण त्याच्या सांगण्यावर कोणाचा विश्वास बसेना. मराठी वाचकाला ही कथा वाचताच पंढरीच्या नामदेवाची आठवण होईल. तेथेही बापाऐवजी बालक नैवेद्य घेऊन जातो, विठ्ठल जेवतो, आणि घरचे मात्र मुलाकडे संशयाने पाहतात. 1676 पासून 1855 पर्यंत तंजावरवर भोसले राजांचे राज्य होते आणि मराठी कीर्तनाचा ठसा तेथील हरिकथेवर उमटला. इतक्या दूरच्या दोन भाषांनी बालसंताची एकच गोष्ट जपावी, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. मूल न दिसणाऱ्या कोणाचे तरी नाव घेते आणि मोठी माणसे ते खोटे मानतात, हा अनुभव घरोघरचाच आहे.

मानसशास्त्राचा दाखला

आता आधुनिक अभ्यासकांकडे वळू. अमेरिकेतील मार्जोरी टेलर यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि 1999 साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की सात वर्षांच्या वयापर्यंत सुमारे दोन-तृतीयांश मुलांना केव्हा ना केव्हा असा कल्पित सोबती होता. ज्या बाहुलीला मूल नाव, स्वभाव आणि वाणी देते, अशी बाहुलीही त्यांनी या सोबत्यांत धरली होती. तंजावरची मान डोलावणारी प्रसिद्ध बाहुली ज्या घरात आहे, त्या घराला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की बहुतेक मुलांना आपला सोबती खरा नाही हे पक्के ठाऊक असते. सोबत्याविषयी गंभीरपणे प्रश्न विचारणाऱ्या संशोधकांनाच काही मुलांनी, हा खोटा-खोटा आहे बरे का, असे समजावले! म्हणजे हे मूल खोटे बोलत नसते आणि त्याला भ्रमही झालेला नसतो. ते खेळत असते. न्यूझीलंडमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे सोबती असलेली मुले गोष्ट अधिक रंगवून सांगतात असे दिसले. जाँ पियाजे या थोर मानसशास्त्रज्ञाच्या मुलीने चौथ्या वर्षी पक्ष्यासारखा एक प्राणी कल्पिला होता. नव्या गोष्टी शिकताना तो तिला मदत करी, ती खिन्न झाली की तिचे सांत्वन करी, आणि कालांतराने तो आपोआप नाहीसा झाला.

मग सोबती भयंकर का असतो? मूल आपल्या कल्पनेची सामग्री भोवतालातूनच घेते. त्रिभुज प्रदेशातील अनेक गावांच्या वेशीवर अय्यनार या रक्षक देवाचे मातीचे घोडे उभे असतात आणि रात्री तो गावाभोवती घोड्यावरून फिरतो, असे सांगतात. चिंचेवर भूत असते, हे मूल अक्षर ओळखण्यापूर्वी शिकते. आणि मुख्य म्हणजे, जेवत नाही म्हणून "पूच्चांडी येईल" असे तमिळ आई म्हणते, तर मराठी आई "बागुलबुवा येईल" म्हणते. न दिसणारा भयंकर पाहुणा घरात प्रथम आपणच आणतो! मूल त्याला आपल्याशेजारी बसविते, त्याला चकली देते, त्याचे नाव ठेवते, कधी त्याला रागेही भरते. ज्याची भीती वाटते त्याच्याशी मैत्री करून ती भीती आटोक्यात आणण्याचा हा बालबुद्धीचा मार्ग आहे. आपण ज्याला उगाच बोलावले, त्याला मुलाने मित्र केले म्हणून आपण घाबरावे, हे काही न्यायाचे नव्हे.

तमिळ साहित्याने तर या खेळाला मानाचे स्थान दिले आहे. 'पिळ्ळैत्तमिळ' या काव्यप्रकारात देवाला किंवा राजाला बालक कल्पून त्याच्या बाललीला गातात. चोळ राजा कुलोत्तुंग याच्यावर ओट्टक्कूत्तर या कवीने बाराव्या शतकात असे काव्य रचले. या प्रकारात चंद्राला बाळाशी खेळायला बोलावण्याचा स्वतंत्र भाग असतो. आपल्याकडे चांदोमामा लिंबोणीच्या झाडामागे लपतो, त्यातलाच हा प्रकार.

पूर्वजन्माचा तर्क

"माझे दुसरे घर आहे", "माझी दुसरी आई आहे" असे मूल म्हणू लागले की भारतीय घरात पूर्वजन्माचा विचार लगेच येतो. अशा मुलांच्या कथनांचा अभ्यास इयन स्टीव्हन्सन यांनी केला. भारतातील दहा प्रकरणांवरील त्यांचा ग्रंथ 1975 साली निघाला. अशी मुले साधारणतः दोन ते पाच वर्षांच्या वयात बोलू लागतात आणि पाच ते आठ वर्षांच्या सुमारास ते बोलणे थांबते, असे त्यांना आढळले. कल्पित सोबत्यांचे वयही जवळपास हेच! अँटोनिया मिल्स यांनी 2003 साली या दोन प्रकारच्या मुलांची तुलना कितपत करता येईल, याचाच विचार केला. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील सतवंत पसरीचा यांनी दक्षिण भारतात अशी प्रकरणे उत्तरेच्या मानाने इतकी कमी का नोंदली जातात, याचा शोध 2001 साली घेतला.

पुनर्जन्म मानावा की न मानावा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु चार वर्षांच्या मुलाच्या एका वाक्यावरून त्याला गावोगाव फिरविणे, अनोळखी कुटुंबासमोर उभे करणे, पाहुण्यांपुढे तेच तेच वदवून घेणे, हे मुलाच्या हिताचे नाही. ज्या बोलण्याला टाळ्या मिळतात, ते बोलणे मूल सोडीत नाही. मग त्याचे स्वतःचे लहानसे आयुष्य मागे पडते.

दुःखातून आलेला सोबती

काही सोबती मात्र खेळातून आलेले नसतात, ते दुःखातून येतात. या प्रदेशाने एकाच वर्षी असे दोन आघात सोसले. 16 जुलै 2004 रोजी कुंभकोणम येथील शाळेला लागलेल्या आगीत 94 मुले मृत्यू पावली. त्याच वर्षी 26 डिसेंबरला आलेल्या त्सुनामीत एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. अशा आघातानंतर मागे राहिलेले मूल गेलेल्या भावंडाशी बोलू लागले, तर त्यात अघटित काही नाही. मुले अशी घटना खेळात पुन्हा पुन्हा आणतात, हे लेनोर टेर यांनी दाखविले. 1976 साली कॅलिफोर्नियातील चौचिला येथे 26 मुलांना शाळेच्या बसमधून पळवून नेण्यात आले होते, त्या मुलांचा अभ्यास त्यांनी केला. साधा खेळ मुलाचे मन हलके करतो. हा खेळ मात्र पुष्कळदा जसाच्या तसा चालतो आणि मूल त्यातून अधिकच कोमेजते. त्याला गप्प बसवू नये. गेलेल्याचे नाव घरात मोकळेपणाने घ्यावे, आणि कोमेजणे थांबत नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावी.

आईबापांनी काय करावे?

प्रथम, शांतपणे विचारावे. "त्याचे नाव काय? त्याला काय आवडते? तुला त्याची भीती वाटते का?" एवढे प्रश्न पुरे. उत्तर ऐकताना चेहऱ्यावर भीती दिसू देऊ नये आणि हसूही येऊ देऊ नये. "तू खोटे बोलतोस" असे म्हणू नये. उलट, आपल्यालाही तो दिसतो असे सोंगही करू नये. मुलाने त्याच्यासाठी पाट मांडला तर मांडू द्यावा. पण "दूध त्याने सांडले" असे मूल म्हणाले, तर "बरे, मग आपण दोघे मिळून पुसू" असे म्हणावे. घराचे नियम सोबत्यामुळे बदलत नाहीत, हे मुलाला अशाने कळते.

दुसरे, बागुलबुवाचा धाक बंद करावा. तसेच सोबत्याच्या नावाने आपले काम करून घेऊ नये. तो सोबती मुलाचा आहे, आपला नाही.

तिसरे, खरा धोका ओळखावा. "पाण्यातला मित्र बोलावतो" असे मूल म्हणते, तेव्हा घर भुताच्या विचारात गढून जाते आणि पाणी विसरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 सालच्या अहवालानुसार जगात एक ते चार वर्षांच्या बालकांच्या मृत्यूच्या कारणांत बुडून मरणे चौथ्या क्रमांकावर आहे. ज्या प्रदेशात दारापासून हाकेच्या अंतरावर कालवा किंवा पुष्करिणी असते, तेथे कुंपण, बंद दार आणि मोठ्या माणसाची नजर हाच खरा उतारा होय.

चौथे, तो 'अदृश्य' मनुष्य खराच तर नाही ना, याची खात्री करून घ्यावी. "तो कोणाला सांगू नको म्हणतो", "तो मला हात लावतो" असे शब्द आले, तर ती कल्पना समजून सोडून देऊ नये. मुलावर अविश्वास दाखविण्याची सवय लागलेल्या घरात असा गुन्हा वर्षानुवर्षे झाकला जातो. 2012 च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे संरक्षण अशा मुलाला आहे आणि 1098 या क्रमांकावर मदत मिळते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? सोबती मुलाला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्यास सांगतो, मूल त्याला थांबवू शकत नाही आणि खरोखर भयभीत होते, झोप व भूक जाते, खऱ्या मुलांशी खेळणे सुटते, किंवा येत असलेले बोलणे मागे पडते, तर उशीर करू नये. मोठ्यांना होणारे गंभीर मनोविकार या वयात अत्यंत विरळ असतात, म्हणून भिण्याचे कारण नाही. पण तपासणी अवश्य व्हावी. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची व्यवस्था आहे. त्या वेळी ही गोष्ट सांगता येते. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 2022 पासून 14416 हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध असून तेथे प्रादेशिक भाषांतून बोलता येते.

आजीने प्रेमाने दृष्ट काढली, देवळात नेऊन कपाळाला विभूती लावली, तर मुलाला आपल्या माणसांचा आधारच वाटतो. पण मारून, धुरी देऊन, कोंडून किंवा उपाशी ठेवून 'बाधा' काढणारा मांत्रिक घरात येऊ देऊ नये. 6 ऑगस्ट 2001 रोजी रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण आगीत सापडले आणि 28 जण दगावले. ते प्रौढ रुग्ण होते. परंतु मनाच्या दुखण्याला बंधनाने उत्तर देण्याचा शेवट कोठे होऊ शकतो, हे त्या घटनेने देशाला दाखविले.

बहुतेक घरांत असे काहीही घडत नाही. मूल शाळेत जाऊ लागते, त्याला भांडायला आणि गट्टी करायला खरे मित्र मिळतात, आणि एक दिवस आईच्या ध्यानात येते की पुष्कळ दिवसांत त्या सोबत्याचे नाव निघालेले नाही. तो कोठे गेला, असे मुलाला विचारू नये. विचारायचेच असेल तर आज शाळेत कोणाबरोबर खेळलास, हे विचारावे आणि उत्तर ऐकायला दोन घटका त्याच्याजवळ बसावे.