संदेशवाहक साधनचालक
लघुसंगणकाच्या परिचालन प्रणालीत एकाच वेळी चालू असलेल्या दोन किंवा अधिक आज्ञावलींना परस्परांकडे संदेश पाठविता यावेत, यासाठी योजलेला प्रणालीचा एक घटक. साधनचालक किंवा डिव्हाइस ड्रायव्हर सामान्यतः मुद्रक, चुंबकीय फीत, तबकडी यांसारख्या प्रत्यक्ष उपकरणाचे नियंत्रण करतो. संदेशवाहक चालकामागे मात्र असे कोणतेही उपकरण नसते. एका आज्ञावलीने त्यात ‘लिहिलेली’ माहिती दुसरी आज्ञावली त्यातून ‘वाचते’. त्यामुळे हे साधन केवळ नावापुरतेच साधन असते.

आवश्यकता : डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीचा पीडीपी–११ हा १६ बिटी लघुसंगणक १९७० मध्ये प्रचारात आला. १६ बिटी पत्त्यामुळे एका आज्ञावलीला एका वेळी स्मृतीतील ६५,५३६ बाइटच थेट वापरता येत. मोठे काम त्यामुळे अनेक आज्ञावलींत विभागावे लागे. भारतात भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेला टीडीसी–१२ हा १२ बिटी संगणक १९६९ मध्ये तयार झाला. त्याच्या नावातील पहिले अक्षर मुंबईच्या तुर्भे (ट्रॉम्बे) या उपनगराचे आहे. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने पुढे १६ बिटी टीडीसी–३१६ बनविला.

विभागणीचे दुसरे कारण वेळेचे असते. मापन-उपकरणाकडून येणारे आकडे त्या त्या क्षणी स्वीकारले नाहीत, तर ते कायमचे गमावले जातात. त्यांचे विश्लेषण मात्र सावकाश केले तरी चालते. म्हणून आकडे स्वीकारणाऱ्या आज्ञावलीला उच्च अग्रक्रम आणि विश्लेषण करणाऱ्या आज्ञावलीला निम्न अग्रक्रम देतात. पहिलीने जमविलेले आकडे दुसरीकडे पोहोचविणे हाच येथील मुख्य प्रश्न होय. ज्या प्रणालीत एका आज्ञावलीला दुसरीच्या स्मृतीत हात घालू दिला जात नाही, तेथे ही देवाणघेवाण परिचालन प्रणालीमार्फतच व्हावी लागते.

कार्यपद्धती : यासाठी आरंभी खास विनंत्या योजण्यात आल्या. आरएसएक्स–११एम या प्रणालीत अशा एका विनंतीने १३ शब्दांचा, म्हणजे २६ बाइटांचा, संदेश पाठविता येई. आरटी–११ या प्रणालीत अग्रभागातील व पार्श्वभागातील आज्ञावलींसाठी पाठविण्याच्या व स्वीकारण्याच्या स्वतंत्र विनंत्या होत्या. या मार्गात आज्ञावलीला नेहमीच्या वाचन-लेखनाहून निराळी भाषा वापरावी लागे. संदेशमार्गाला साधनाचे रूप दिल्यास ही अडचण दूर होते. तबकडीवरील फाइल उघडावी, तसाच संदेशमार्ग उघडता येतो. आरटी–११ मध्ये एमक्यू या नावाचा असा चालक पुढे समाविष्ट झाला.

चालकाकडे येणारी प्रत्येक विनंती रांगेत उभी राहते. विनंतीच्या नोंदीत कोणत्या आज्ञावलीने ती केली, माहिती स्मृतीत कोठे आहे, ती किती शब्दांची आहे आणि काम झाल्यावर कोणाला कळवावयाचे, हे दिलेले असते. मुद्रकाचा चालक अशी नोंद घेऊन यंत्राला कामाला लावतो. संदेशवाहक चालक मात्र लेखनाच्या विनंतीला जुळणारी वाचनाची विनंती शोधतो. ती सापडताच माहिती एका आज्ञावलीच्या स्मृतीतून दुसरीच्या स्मृतीत उतरवून तो दोन्ही विनंत्या पूर्ण झाल्याचे कळवितो. जोडी न जुळल्यास विनंती रांगेत थांबते व तेवढ्या वेळात प्रक्रियक इतर आज्ञावलींना उपलब्ध होतो.

अन्य प्रकार : १९७७ मध्ये जाहीर झालेल्या व्हॅक्स संगणकाच्या व्हीएमएस प्रणालीत टपालपेटी नावाचे असेच आभासी साधन आहे. त्यात प्रत्येक संदेश वेगळा राखला जातो. डग्लस मॅकिलरॉय यांच्या सूचनेवरून केन टॉमसन यांनी १९७३ मध्ये यूनिक्स प्रणालीत ‘पाइप’ म्हणजे नळीची योजना केली. नळीतून बाइटांचा अखंड प्रवाह वाहतो. एक संदेश कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला, हे तीत नोंदलेले नसते. यूनिक्सच्या १९७५ मधील सहाव्या आवृत्तीत नळीची क्षमता ४,०९६ बाइट होती. ती भरली की लिहिणारी आज्ञावली थांबे आणि वाचणारीने जागा रिकामी केली की पुन्हा चालू होई.

दोष व दक्षता : दोन आज्ञावली दोन नळ्यांनी परस्परांना जोडल्या असून दोघीही एकाच वेळी लिहू लागल्या, तर दोन्ही नळ्या भरतात. मग प्रत्येक जण दुसरीने वाचण्याची वाट पाहत राहते. या कोंडीतून दोघींपैकी कोणीही आपण होऊन सुटू शकत नाही. म्हणून कोणी केव्हा बोलावे व केव्हा ऐकावे, याचा नियम आधीच ठरवावा लागतो. संदेशाच्या मध्येच एक आज्ञावली बंद पडल्यास दुसरीला तसे कळविणे, हेही चालकाचेच काम असते. शिवाय चालक प्रणालीच्या विशेषाधिकाराने चालतो. सामान्य आज्ञावलीतील चुकीने बहुधा तीच बंद पडते. चालकातील चुकीने संपूर्ण संगणक थांबू शकतो. त्यामुळे चालक लहान व साधा ठेवणे श्रेयस्कर असते.

विस्तार : दोन आज्ञावली वेगवेगळ्या संगणकांवर असल्यास आभासी साधनाची जागा दूरध्वनी-तारेला जोडलेले खरे साधन घेते. मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था व पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था यांच्यात एर्नेट प्रकल्पाच्या आरंभीच्या काळात (१९८६–८७ च्या सुमारास) याच मार्गाने यूनिक्सवरील संगणकीय टपालाची देवाणघेवाण सुरू झाली. पीडीपी–११ चे उत्पादन आता थांबले आहे आणि तो बनविणारी कंपनीही १९९८ मध्ये कॉम्पॅक या कंपनीत विलीन झाली. तथापि नळी व टपालपेटी या दोन्ही कल्पना अनुक्रमे लिनक्स व ओपनव्हीएमएस या प्रणालींत आजही वापरात आहेत.