वेल्डिंग लागलेले डोळे

बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. त्याची चाळिशी उलटली. वाळूजने औरंगाबाद शहराला काय दिलं, याच्या याद्या निघतात. त्यात रात्री-अपरात्री ठणकणारे डोळे कुणी धरत नाही.

माझं दशक नव्वदचं, बजाजनगरच्या एका खोलीत काढलेलं. सोबत बीड-परभणीकडची पोरं, सगळी सुटे भाग करणाऱ्या शेडमध्ये. वेल्डरच्या हातात काळ्या काचेची ढाल असे. जॉब धरणाऱ्या हेल्परला काहीच नाही. टाका मारताना त्याने नुसती मान वळवायची.

दिवसभर काही जाणवत नाही, हीच यातली लबाडी. आर्कमधली अतिनील किरणं बुबुळावरचा पातळ पापुद्रा भाजतात, पण कळ उठते सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकी मध्यरात्री. पापण्यांखाली वाळू भरल्यासारखं, डोळ्यांना धार, आणि बल्ब लावला की शिव्या. मग बटाट्याचे काप. त्यानं गार वाटायचं, इतकंच.

सकाळी हात धरून घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, न्यायचं. तिथे केशरी पट्टी टेकवून निळ्या उजेडात बघत. सोललेली जागा हिरव्या ठिपक्यांनी चमके. मलम, वेदनेची गोळी आणि अंधारात पडून राहणं. एक-दोन दिवसांत पापुद्रा भरून येतो. तपासताना घातलेला बधिर करणारा थेंब मात्र घरी देत नसत. त्यानं कळ थांबते, पण जखम भरत नाही; वारंवार घातला तर व्रण पडून नजरही जाऊ शकते.

आमचा ठेकेदार नेमका तोच थेंब खिशात बाळगायचा. "टाक अन् लाग कामाला." घरी बसलं तर खाडा. कामगार विम्याच्या १९४८ च्या कायद्यात, कामावरच्या इजेचा भत्ता मिळायला अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस अंथरूण धरावं लागे. आमची पोरं दोन दिवसांत बरी व्हायची, हाच त्यांचा गुन्हा!

आता शेंद्र्याच्या कारखान्यांत रोबो वेल्डिंग करतात, शहराचं नावही बदललं. आमच्या गल्लीतल्या ग्रिलच्या दुकानात पोरगा अजून उन्हाचा गॉगल लावून टाके मारतो. आर्कला दहा-बारा नंबरची काच लागते, म्हणून मालकाला टोकलं. तो म्हणाला, "काका, तिच्यातून ठिणगी पडेपर्यंत काही दिसत नाही. काम उरकत नाही."