कार सीट घेतलीत, पण नीट बसवलीत का?

टक्कर झाली की मांडीवरचं बाळ हातांनी धरून ठेवणं कुणालाच जमत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना नेल्यास १००० रुपये दंडही आहे. सीट लावताना एवढं तपासा:

🔹 जागा: मागची सीट. मागे तोंड असलेली चाइल्ड सीट चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नका. फुगणारी एअरबॅग थेट तिच्या पाठीवर आदळते.

🔹 दिशा: युरोपच्या आर१२९ नियमानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच. बाळाचं डोकं जड, मान नाजूक. अशा बसण्यात धक्का सगळ्या पाठीवर विभागला जातो. सीटच्या मर्यादेत बसतंय तोवर आणखीही ठेवा.

🔹 पकड: आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायला गाडीतच दिलेली कडी) असो वा बेल्ट, सीट जिथे जोडलीय तिथे धरून सीट हलवा. अडीच सेंटिमीटरहून जास्त हलली तर पुन्हा घट्ट करा. टॉप टेदर (सीटच्या वरच्या भागाचा पट्टा) किंवा आधाराचा पाय दिला असेल तर तो लावाच.

🔹 पट्टे: खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे. जाड स्वेटर आधी काढा. थंडी असेल तर पट्ट्यांवरून पांघरूण घाला.

🔹 जुनी सीट: अपघातात सापडलेली किंवा मुदत संपलेली नको.

कोणाच्या घरी बाळ येणार असेल, तर त्यांना नक्की पाठवा.