दूरच्या यंत्रांची व्यवस्था

सन २०१९ च्या पावसाळ्यांत पर्लकोटा नदीच्या पुरानें भामरागडचा पूल वारंवार पाण्याखालीं गेला व त्या तालुक्याचा गडचिरोलीशीं संबंध तुटला. अशा दिवसांत तेथील कचेरींतल्या सर्व्हरवर, म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरविणाऱ्या संगणकावर, सुरक्षेची एखादी तातडीची दुरुस्ती बसवावयाची झाल्यास तंत्रज्ञानें जावें कसें? चंद्रपूर जिल्ह्याचे १५ तालुके आणि १९८२ मध्यें त्यापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीचे १२. तालुक्यागणिक एकच सर्व्हर धरला, तरी तेंच काम सत्तावीस वेळां हातानें करावयाचें. विसाव्या वेळीं लक्ष उडतें, एखादी ओळ गळते, आणि तें व्यंग महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

ह्या अडचणीवर मायकेल डीहान यांनीं २०१२ मध्यें ‘ॲन्सिबल’ नांवाचें साधन पुढें आणलें. हा शब्द अर्सुला ल ग्विन या लेखिकेच्या १९६६ मधील कादंबरींतला. तेथें तो ताऱ्यांताऱ्यांमधून क्षणार्धांत निरोप पोंचविणाऱ्या यंत्राचें नांव आहे. हें साधन पायथन भाषेंत लिहिलेलें असून त्याचें बळ ‘मॉड्यूल’ म्हणविणाऱ्या लहान लहान प्रोग्रॅमांत आहे. एक फाईलची नक्कल पोंचवितें, दुसरें सॉफ्टवेअर बसवितें, तिसरें एखादी सेवा चालू ठेवतें. मुख्यालयांतील संगणक ‘एसएसएच’ ह्या कूटबद्ध मार्गानें मॉड्यूल दूरच्या यंत्राकडे धाडतो. तेथील पायथन तें चालवितें, कामाचा जबाब परत येतो व धाडलेली प्रत पुसली जाते. तेथें कायमचा हस्तक नेमावा लागत नाहीं.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. येथें हुकूम ‘असें करा’ असा नसून ‘अशी स्थिति असावी’ असा असतो. ‘दोन घागरी ओत’ म्हटलें, तर गडी भरल्या रांजणांतही ओतील आणि घर भिजवील. ‘रांजण भरलेला असावा’ म्हटलें, तर तो आधीं डोकावून पाहील. चांगलें मॉड्यूल असेंच डोकावतें व उणें असेल तेवढेंच करतें. (कच्चे हुकूम जसेच्या तसे चालविणारीं कांहीं मॉड्यूलें ह्यास अपवाद आहेत, आणि आळशी तंत्रज्ञांना तींच प्रिय!) म्हणून पुरामुळें तारा तुटून भामरागडचें यंत्र गांठतां आलें नाहीं, तर तशी नोंद होऊन इतरांचें काम पुढें चालतें. संपर्क जुळल्यावर तीच यादी सर्वांवर पुन्हां चालवावी. बदल भामरागडलाच होतो.

मात्र चूकही त्याच वेगानें पसरते. संरक्षक भिंतीच्या नियमांत एक अंक चुकून एसएसएचचेंच दार बंद झालें, तर आपल्याच हातानें आपण बाहेर! मग सिरोंचा, कोरची, भामरागड असा रस्त्यानें प्रवास. यासाठीं प्रत्यक्ष बदल न करतां काय होईल तें सांगणारी तालीम आधीं करतां येते. पण तालमींत सगळेंच दोष दिसतात असें नाहीं. तेव्हां पहिलें यंत्र असें निवडावें, कीं बिघडल्यास तंत्रज्ञ तेथें सायकलवरून पोंचूं शकेल. तें नीट चाललें, म्हणजे मग दोन-चार, आणि भामरागड शेवटीं.