लोणीहून एका दिवसात : आहुप्याचा फुलोरा

जपानमध्ये साकुरा, म्हणजे चेरीची फुले, कधी फुलणार, याचे अंदाज आधीच जाहीर होतात. आपल्याकडे सगळा हिशेब पावसाचा. ऑगस्टअखेर झड ओसरली की आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातले सडे फुलू लागतात. सप्टेंबर सर्वांत चांगला. लोणी-मंचर-घोडेगाव-डिंभेमार्गे आहुपे गाठायचे. पहाटे निघालात तर अंधार पडायच्या आत घरी. तालुका एकच, पण पूर्वेला लोणीत पावसाची वाट पाहणारी शेते आणि पश्चिमेला धुक्यात बुडालेला कडा!

पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा लांबूनच दिसतात. सीतेची आसवं मात्र गुडघे टेकून पाहावीत. हे निळे-जांभळे फूल नखाएवढे, पण वनस्पती कीटकभक्षी. कातळावरच्या पातळ मातीत नत्र कमी, म्हणून मुळांसारख्या तंतूंवरच्या सूक्ष्म पिशव्या पाण्यातले जीव आत ओढून घेतात. अशा जागी एक पाऊल पडले तरी कितीतरी रोपे चिरडतात, तेव्हा पायवाट सोडू नका.

मुसळधार पावसात हा बेत नकोच. 30 जुलै 2014 रोजी दरडीखाली गेलेले माळीण गाव याच तालुक्यातले.