घडीची दुर्बीण

25 डिसेंबर 2021 रोजी, आपल्याकडे संध्याकाळचे 5 वाजून 50 मिनिटं झाली असताना, दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एक एरियन-5 रॉकेट उडालं आणि बघता बघता ढगांत शिरलं. अर्ध्या तासाच्या आत जेम्स वेब दुर्बीण त्यापासून सुटली. रॉकेटच्या वरच्या टप्प्यावर एक कॅमेरा होता. त्याच्या चित्रात दुर्बीण हळूहळू दूर जाताना दिसत होती आणि पाहता पाहता तिच्या कडेला काहीतरी लखकन चमकलं. सौरपटल उघडलं होतं! नियंत्रण कक्षात टाळ्या वाजल्या. माणसांनी जवळून घेतलेलं वेबचं ते शेवटचं दर्शन.

यापुढचे दोन आठवडे या दुर्बिणीच्या घड्या एकामागून एक उलगडायच्या होत्या, आणि ते दाखवणारा एकही कॅमेरा तिच्यावर नव्हता. सुमारे 10 अब्ज डॉलर खर्चून बांधलेल्या यंत्रावर साधा कॅमेरा नसावा, याचं अनेकांना नवल वाटलं. त्याचा विचार झाला होता. पण उन्हाच्या बाजूला चकचकीत पत्र्यासारखा झगझगाट आणि सावलीच्या बाजूला मिट्ट काळोख, अशा ठिकाणी कॅमेऱ्याला दिसणार काय? शिवाय कॅमेरा आला की वायरी आल्या, आणि वायरींमधून उष्णता थंड बाजूला पाझरणार. वेबला नेमकी तीच नको होती.

कारण ही दुर्बीण अवरक्त किरणांत पाहते. फार दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश आपल्यापर्यंत येईतो विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जातो आणि अवरक्तात सरकतो. पुण्याच्या एनसीआरए या खगोलसंशोधन संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या निरीक्षणांतून ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका शोधली; तिचा प्रकाश निघाला सुमारे 1200 कोटी वर्षांपूर्वी. इतका क्षीण उजेड टिपायचा तर दुर्बिणीने स्वतः तापून चालत नाही. गरम वस्तू अवरक्तात स्वतःच उजळते. म्हणून वेब पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, एल-2 बिंदूभोवती फिरते, आणि सूर्याकडे कायम पाठ करून बसते. ही पाठ म्हणजे पाच पदरी सौरढाल.

वर्तमानपत्रांनी छापला तो सोनेरी आरसा. साहजिकच आहे, तो दिसतोच देखणा. बेरिलियमचे 18 षटकोनी तुकडे, त्यांवर सोन्याचा अतिशय पातळ थर, एकूण व्यास साडेसहा मीटर. एरियनच्या टोपणात आतून जेमतेम साडेचार मीटर जागा, म्हणून आरशाचे दोन्ही पंख मागे दुमडलेले. पण आरसा ताठ असतो. बिजागरी फिरली की तो कुठे जाईल हे आधीच सांगता येतं. माझ्या मते या मोहिमेतला खरा कस लागला तो सौरढालीच्या कापडाचा.

ढाल उलगडल्यावर साधारण 21 मीटर लांब आणि 14 मीटर रुंद. सूर्याकडचा पदर 0.05 मिलिमीटर जाडीचा, बाकीचे चार त्याच्या निम्मे. कॅप्टॉन नावाच्या या पातळ प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा मुलामा. गुरुत्व नसताना असं सैल कापड कुठे तरंगेल, कुठल्या खिळ्यात अडकेल, कोणत्या दोरीला गुंडाळेल याचं गणित पक्कं मांडता येत नाही. कॅलिफोर्नियात चाचण्या सुरू असताना ते फाटलंही होतं, आणि 2018 मध्ये ध्वनीच्या चाचणीनंतर ढालीच्या आवरणाचे काही स्क्रू आणि वॉशर खाली पडलेले सापडले होते. संपूर्ण दुर्बिणीत अशी 344 ठिकाणं मोजली होती, की त्यांतलं एक जरी अडलं तरी मोहीम धोक्यात. त्यांतली पुष्कळशी या ढालीतच. दुरुस्तीला कोणी जाणार नव्हतं. हबलचा आरसा सदोष निघाला तेव्हा 1993 मध्ये अंतराळवीर जाऊन उपाय करून आले. 15 लाख किलोमीटरवर ती सोय नाही.

28 डिसेंबरला ढालीच्या घड्या धरून ठेवणाऱ्या दोन चौकटी आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दुर्बीण एका खांबावर सव्वा मीटर वर उचलली गेली. एवढ्याशा कामाला सहा तासांहून जास्त वेळ लागला. 30 तारखेला कापडावरची आवरणं गुंडाळली जायची होती, आणि 31 ला दोन्ही बाजूंचे दांडे बाहेर सरकवून कापड ओढायचं होतं.

इथे घोडं अडलं. आवरण पूर्ण गुंडाळलं गेलं की काही स्विच दाबले जाऊन तसा संकेत यायला हवा होता. तो आलाच नाही. आवरण अर्धवट राहिलं असताना दांडा सरकवला तर कापडाच्या चिंध्या होणार. बाल्टिमोरच्या नियंत्रण कक्षातल्या मंडळींनी मग दुसरा पुरावा शोधला. आवरण हटलं असेल तर तिथल्या संवेदकावरचं तापमान बदललेलं दिसायला हवं. तसं ते दिसत होतं. आवरण हललं तेव्हा सगळ्या यानाला बारीकसा हिसका बसला असणार. जायरोस्कोपच्या नोंदीत तोही सापडला. बिघाड स्विचच्या संकेतात होता, आवरण जागच्या जागी गुंडाळलेलं होतं. डोळ्यांनी काही न पाहता, दोन-चार आकड्यांच्या आलेखांवरून हा निर्णय झाला आणि डाव्या दांड्याला पुढे सरकायची आज्ञा गेली. उजवा दांडा बाहेर पडून कुलूपबंद झाला तेव्हा अमेरिकेत वर्षअखेरच्या रात्रीचे सव्वादहा वाजत आले होते.

1 जानेवारीला मंडळींना विश्रांती दिली. सौरपटलाची वीज नीट जुळवायची होती आणि ताण देणाऱ्या मोटरी अपेक्षेपेक्षा थोड्या गरम होत्या. म्हणून त्यांना सावली मिळेल असं यान जरा वळवलं. 3 तारखेला ताणायला सुरुवात झाली. मांडवाचं कापड चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या ओढून ताठ करतात, तसंच हे काम. फक्त पाच मांडव एकावर एक आणि मधली फट कुठेच बुजू द्यायची नाही, कारण त्या फटींतूनच उष्णता कडेने अवकाशात निसटते. 4 जानेवारीला पाचवा पदर ताठ झाला.

पुढचं झपाट्याने झालं. 5 तारखेला तिवईवरचा दुय्यम आरसा, 7 आणि 8 ला मुख्य आरशाचे पंख. 24 जानेवारीला पाचेक मिनिटं इंजिन चालवून वेब एल-2 भोवतीच्या कक्षेत शिरली.

आरसा उघडला तरी तो एक आरसा नव्हताच, अठरा सुटे आरसे होते. सप्तर्षींच्या दिशेच्या एचडी 84406 या ताऱ्याकडे दुर्बीण वळवली, तर एका ताऱ्याचे अठरा ठिपके उठले, सगळे विखुरलेले. कुठला ठिपका कुठल्या तुकड्याचा? मग एकेक तुकडा किंचित हलवायचा आणि कोणता ठिपका सरकतो ते बघायचं. ते सगळे शोधायला सुमारे पंचवीस तास चित्रं घ्यावी लागली. प्रत्येक तुकड्यामागे सात चालक, ते नॅनोमीटरच्या मापात सरकतात. मार्चच्या मध्यापर्यंत अठरांचा एक तारा झाला. याच काळात निअरकॅम उपकरणातल्या एका खास भिंगाने दुर्बिणीने स्वतःच्याच आरशाचं चित्र घेतलं. बाहेर कॅमेरा नसला तरी तेवढी हौस भागली.

एरियनने वेबला इतकं नेमकं फेकलं, की वाटेत दिशा सुधारायला राखून ठेवलेलं बरंचसं इंधन वाचलं. दहा वर्षांची अपेक्षा होती, आता वीस वर्षांहून अधिक पुरेल असा अंदाज आहे. इतकी वर्षं चालायचं म्हटलं की धुळीचे कण आले. मे 2022 मध्ये, पहिली रंगीत चित्रं प्रसिद्ध व्हायच्याही आधी, अपेक्षेहून मोठा एक कण आरशाच्या एका तुकड्यावर आदळला. त्या तुकड्याचे चालक हलवून त्याचा परिणाम काही प्रमाणात निस्तरला, पण खूण पुसता येत नाही. म्हणून आता निरीक्षणांचं वेळापत्रक आखताना, दुर्बीण ज्या दिशेने धावते त्या दिशेला आरशाचं तोंड शक्य तितका कमी वेळ राहील, असं बघतात.