नवशिक्यासाठी संगणकाच्या सूचना कशा लिहाव्यात?

शाळा, ग्रामपंचायती, अभ्यासिका यांच्याकडे आता संगणक आलेले आहेत. परंतु त्यात एखादे नवे सॉफ्टवेअर बसवायचे म्हटले की आपले विद्यार्थी आजही जाणकार माणसाची वाट पाहत बसतात. त्यांच्या हाती सूचनांचा कागद असतो, तरीही ते अडतात. असे का होते, आणि तो कागद कसा लिहिला म्हणजे शिकणारा स्वतःच्या हाताने काम पुरे करील, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक अनुभव

जिंतूर येथील एका अभ्यासिकेत मी काही दिवस संगणकाचे काम पाहत होतो. तेथे येणारी मुले लिपिक-टंकलेखक पदाच्या परीक्षेची तयारी करीत होती. या पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द लागतो. त्यांना सरावासाठी संगणकात मराठी हवे होते. मी भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यावर चारच ओळी होत्या : सॉफ्टवेअर डाउनलोड करा. फाईल अनझिप करा. सेटअप रन करा. भाषा निवडून टाईप करा. याहून सोपे ते काय असणार, असे मला वाटले.

तालुक्यातील एका खेड्यातून येणारा एक विद्यार्थी तो कागद पाहत दीड तास बसला. शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, सेटअप चालंना. माझंच काहीतरी चुकायलंय." मी घाईत होतो. "कागदावर सगळं लिहिलंय, नीट वाच," असे सांगून मी निघून गेलो. त्यानंतर आठ दिवस तो अभ्यासिकेत आला नाही. गाठ पडली तेव्हा म्हणाला, "संगणक आपल्यासारख्याचं काम नाही, सर."

मी कागद घेऊन त्याच्या शेजारी बसलो आणि त्याला पुन्हा करायला लावले. तेव्हा दोष कोठे होता ते कळले. झिप फाईल म्हणजे अनेक फाईलींचे बांधलेले गाठोडे. विंडोजमध्ये त्यावर दोनदा क्लिक केले की आतील फाईली दिसू लागतात. त्यामुळे गाठोडे सुटले असे वाटते, पण ते सुटलेले नसते. तशाच स्थितीत आतला सेटअप चालवला तर त्याला लागणाऱ्या बाकीच्या फाईली सापडत नाहीत आणि काम बंद पडते. गाठोडे सोडवण्यासाठी फाईलवर माऊसचे उजवे बटण दाबून 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' निवडावे लागते. ही गोष्ट माझ्या हाताला इतकी सवयीची होती की ती लिहावी असे मला सुचलेच नाही. चूक माझ्या कागदाची होती. शिक्षा मात्र त्या मुलाने स्वतःला करून घेतली.

मराठीच्या वाटेवरील अडथळे

संगणकात मराठी बसवणे ही गोष्ट बरीच वर्षे खरोखरच कठीण होती. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा व त्याची अक्षरांची मांडणीही वेगळी. एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की अगम्य चिन्हे दिसत. १९९१ साली युनिकोड ही जगातील सर्व लिप्यांना समान क्रमांक देणारी पद्धती प्रसिद्ध झाली व तीत देवनागरीचाही समावेश होता. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी मानक जाहीर केले व इन्स्क्रिप्ट हा कळफलकही त्यात दिला. तथापि, हे सर्व सामान्य माणसाच्या हाती येण्यास पुढे बरीच वर्षे लागली.

२००१ साली विंडोज एक्सपी आले. त्यात युनिकोड मराठीची सोय होती, पण ती सुरू करण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे. त्या चौकोनापुढील इंग्रजी ओळीचा अर्थ 'गुंतागुंतीच्या लिप्या व उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषा (थाईसह) यांच्या फाईली बसवा' असा होता. त्या ओळीत थाई भाषेचे नाव होते, मराठीचे नव्हते. मराठी हवी असणाऱ्या माणसाने ही ओळ आपल्यासाठी आहे हे ओळखावे तरी कसे? त्यातच संगणक विंडोजची सीडी मागे, आणि ती अनेकांकडे नसे. सोय असूनही ती न मिळण्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून ही खटपट संपली.

याच काळात २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली व त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावीही संगणकशिक्षण पोहोचले. परंतु वर्गात शिक्षक शेजारी असतो. वर्ग संपल्यावर शेजारी उरतो तो फक्त कागद. म्हणून कागद चांगला असला पाहिजे.

जाणकार माणूस पायऱ्या का गाळतो?

सायकल चालवता येणाऱ्या माणसाला तोल कसा सांभाळतोस असे विचारले तर त्याला सांगता येत नाही. संगणकाचेही तसेच आहे. जो रोज काम करतो त्याच्या चार पायऱ्यांची एक पायरी झालेली असते आणि तो तीच एक लिहितो.

अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात नवशिकी माणसे संगणक कशी शिकतात याचे निरीक्षण केले. त्यांना असे आढळले की शिकणारा जाड पुस्तक पहिल्या पानापासून वाचत नाही. तो लगेच काम करू पाहतो, मध्येच चुकतो, आणि त्या चुकीतून बाहेर पडण्यातच त्याचा पुष्कळ वेळ जातो. म्हणून त्यांनी लहान पुस्तिका तयार केल्या. त्यांत प्रस्तावना व वर्णने कमी करून प्रत्यक्ष काम दिले, आणि चुकल्यास परत कसे यावे हेही सांगितले. अशा पुस्तिकांवर शिकणारे लवकर शिकले. हे काम १९९० साली 'द न्यूर्नबर्ग फनेल' या त्यांच्या पुस्तकात प्रसिद्ध झाले.

सूचना लिहिताना पाळावयाचे नियम

(१) नको असलेली पायरी काढून टाकावी. माझ्या कागदाची पहिली चूक हीच होती. नव्या विंडोजमध्ये मराठी कळफलकाची सोय असतेच. काहीही शोधून डाउनलोड करण्याची गरज नव्हती.

(२) सुरुवातीस काय काय लागेल ते सांगावे. विंडोज कोणते, इंटरनेट लागेल काय, संगणकाचा पासवर्ड लागेल काय, वेळ किती जाईल. अर्ध्या वाटेवर पासवर्ड विचारला गेला आणि तो कपाटाच्या किल्लीसारखा दुसऱ्याच माणसाकडे असला, तर विद्यार्थ्याचा दिवस वाया जातो.

(३) एका ओळीत एकच कृती लिहावी. 'अनझिप करून सेटअप रन करा' या दोन कृती आहेत.

(४) बटणाचे नाव पडद्यावर दिसते तसेच लिहावे. पडद्यावर 'इन्स्टॉल' असेल व आपण कागदावर 'प्रतिष्ठापित करा' असे लिहिले, तर विद्यार्थी ते बटण शोधत राहील. भिंतीवरच्या कागदावर इंग्रजी शब्द इंग्रजी लिपीत व पुढे मराठी उच्चार द्यावा. या लेखात सोयीसाठी उच्चारच दिला आहे.

(५) प्रत्येक कृतीनंतर काय दिसेल ते सांगावे. त्यामुळे आपण योग्य वाटेवर आहोत हे शिकणाऱ्याला कळते.

(६) जेथे माणूस हमखास घाबरतो ती जागा आधीच सांगावी, आणि तेथून मागे कसे यावे तेही सांगावे.

(७) 'फक्त', 'अगदी सोपे आहे', 'सर्वांना माहीतच आहे' हे शब्द गाळावेत. ज्याला ते जमत नाही त्याला हे शब्द टोचतात.

नमुना

हे नियम पाळून तोच कागद पुन्हा लिहिला, तो असा :

विंडोज ११ मध्ये मराठी सुरू करणे. लागणारी वस्तू : इंटरनेट.

१. खालच्या पट्टीवरील स्टार्ट बटण दाबा. 'सेटिंग्ज' उघडा.
२. डावीकडील यादीत 'टाइम अँड लँग्वेज' निवडा.
३. 'लँग्वेज अँड रीजन' निवडा. भाषांची यादी दिसेल.
४. 'ॲड अ लँग्वेज' हे बटण दाबा. वर शोधण्याची एक चौकट येईल.
५. त्या चौकटीत इंग्रजीत 'मराठी' लिहा. खाली मराठीचे नाव येईल, ते निवडा व 'नेक्स्ट' दाबा.
६. येथे थांबा. मराठी ही विंडोजची प्रदर्शनभाषा करावी काय, असा एक चौकोन असेल. त्यात खूण असल्यास काढा. खूण राहिली तर संगणकाचे मेनूच बदलू शकतात.
७. 'इन्स्टॉल' दाबा व काम पुरे होईपर्यंत वाट पाहा.
८. नोटपॅड उघडा. विंडोजचे चिन्ह असलेले बटण दाबून धरा व स्पेसबार एकदा दाबा. घड्याळाजवळील भाषेची खूण बदलेल.
९. इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी 'के' दाबल्यास 'क' उमटतो. तो उमटला म्हणजे काम झाले.

घाबरू नका : इंग्रजी 'एच' दाबल्यावर 'प' उमटेल. हा बिघाड नाही. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला ठेवलेली आहेत, बटणांवर छापलेल्या इंग्रजी अक्षरांशी त्यांचा संबंध नाही. पुन्हा इंग्रजी हवी असल्यास आठवी पायरीच परत करा.

चार ओळींच्या जागी नऊ ओळी झाल्या. कागद लांबला, पण काम सोपे झाले. सूचना किती थोडक्यात आहेत यापेक्षा त्या वाचून किती जण शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचले, हे मोजले पाहिजे.

कागदाची परीक्षा

कागद लिहून झाला की तो ज्याला यातील काहीच माहीत नाही अशा माणसाच्या हाती द्यावा, शेजारी बसावे आणि तोंड बंद ठेवावे. तो जेथे थांबेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. तो चुकला असे न मानता ती ओळ चुकली असे मानावे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिले की, अशी चाचणी पाच माणसांवर घेतली तरी बहुतेक दोष उघडे पडतात. पाच माणसे कोणत्याही अभ्यासिकेत मिळतात. त्यासाठी खर्च येत नाही. शिवाय विंडोजची नवी आवृत्ती आली की बटणांच्या जागा बदलतात, म्हणून कागदाखाली तारीख घालावी व वर्षातून एकदा तो पुन्हा तपासावा.

आमच्या कागदाचा पहिला परीक्षक तोच विद्यार्थी होता. तो सहाव्या पायरीवर अडला, कारण चौकोनातील खुणेची गोष्ट मी पहिल्या खेपेस लिहिलीच नव्हती. 'येथे थांबा' हे शब्द त्याच्या सांगण्यावरून घातलेले आहेत. त्यानंतर त्याने शेजारच्या संगणकावर एका मुलीला मराठी सुरू करून दिली. मी पाहत होतो. त्याने माऊसला हात लावला नाही. कागदावर बोट ठेवून तो एकेक ओळ वाचत होता आणि ती मुलगी स्वतः करीत होती.

सभासद बंधू-भगिनींनो व विद्यार्थी मित्रांनो, आपणांपैकी ज्यांना संगणकाचे थोडेफार ज्ञान आहे त्यांनी एकेका कामाचा असा एक कागद तयार करावा : शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी फोटोचा आकार कमी करणे, पीडीएफ तयार करणे, प्रिंटर जोडणे. आणि जे नुकतेच शिकत आहेत त्यांनी अडल्यावर लाजू नये. आपण कोठे अडलो ते त्या कागदावरच लिहून ठेवावे. मागून येणारा तेथे अडणार नाही.